कुरण कापायची रीत

मामांचं आणि फळ्याचं लहानपणापासून वाकडं. त्याच्यापुढे उभं राहून त्यांनी छड्याच जास्त खाल्लेल्या. त्यामुळे शाळेत बाई असलेल्या भाचीने त्यांच्या हातात खडू दिला, तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आसपासचं सगळं गवत त्यांच्याच ट्रॅक्टरने कापलं जायचं. आता सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

त्यांनी मोठा चौकोन काढला.

“हे आपलं राखीव कुरण. चहूकडे नांगरलेली शेतं, उंच गवत एवढंच. लावा पक्ष्याची पिल्लं ह्यातच असतात. मी कडेने गोल गोल कापत आत गेलो, तर ती काय करतील?”

“उडतील,” मागून कोणीतरी म्हणालं.

“पंख तू देणार का त्यांना? ती उभ्या गवतात आत सरकतात. मग आणखी आत. शेवटी मध्ये चटईएवढं गवत उरतं, त्यात सगळी गोळा होतात, आणि वरून माझं पातं. म्हणून सुरुवात मध्ये करायची आणि बाहेर येत जायचं. म्हणजे ती कडेच्या न कापलेल्या पट्ट्यात निसटतात.”

पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने चौकोन बाणांसकट वहीत उतरवून घेतला.

चार दिवसांनी मामा कुरणात उतरले तेव्हा स्वच्छ ऊन होतं. कडेचा पट्टा राखून त्यांनी त्याला लागून कडेने कापायला घेतलं. वळायला जागा हवी, दोन फेऱ्या मारू आणि मग मध्ये शिरू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दोनाच्या चार झाल्या. मध्ये शिरायचं म्हणजे पातं उचला, उभ्या गवतातून जा, तिथे जागच्या जागी वळा. कडेने मात्र गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चाललेली. दुपारी आभाळ भरून आलं. बांधावरून शेजारचे आबा ओरडले, “काय रे, पाखरांची परवानगी यायचीय का अजून? गवत भिजेल.”

मामा हसले आणि फिरत राहिले.

मध्ये खोलीएवढं गवत उरलं, तेव्हा त्यातून एक लावी भुर्रकन उठली. थोडं पुढे जाऊन ती परत तिथेच उतरली. पुन्हा उठली, पुन्हा उतरली. मामांनी ते नीट पाहिलं. आई आहे, नेईल पिल्लांना, असं ते मनाशी म्हणाले. पातं उचलायच्या दांड्यावर त्यांचा हात होता. तो हलला नाही.

नंतर ते खाली उतरले. जे दिसलं, त्यावर त्यांनी पायाने गवत सारलं. इकडेतिकडे बघून सारलं, हे त्यांना घरी पोचल्यावर जास्त टोचलं.

पाऊस काही आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग पिल्लं मोजायला आला. मुलं पट्ट्याच्या कडेने चवड्यांवर चालली, कान देऊन बसली. एकही पिल्लू दिसलं नाही, आवाजही नाही.

“दडली असतील,” भाची म्हणाली. “मामांनी मधून बाहेर कापलंय, म्हणजे सगळी इथेच असणार. हो ना मामा?”

“हो तर,” मामा म्हणाले. तोंडातून शब्द गेला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

वेण्यांची मुलगी मात्र पट्ट्याकडे गेली नव्हती. कापलेल्या गवताच्या ओळींकडे एकदा, वहीकडे एकदा, असं तिचं चाललं होतं. मग ती मामांजवळ आली.

“मामा, कडेच्या ओळी सुकून पिवळ्या पडल्यात. मधल्या अजून हिरव्या आहेत. म्हणजे कडेचं आधी कापलं ना?” तिने दप्तरातून खोडरबर काढलं. “माझे बाण उलटे पडलेत वाटतं. नीट करते.”

तिने पहिला बाण पुसायला घेतला. तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता. मामा चुकतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“पुसू नकोस,” मामा म्हणाले. “बाण बरोबर आहेत. मी उलटं कापलं.”

मुलं जवळ आली. भाची पिवळ्या पडलेल्या ओळींकडे बघत राहिली. ती रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

“विसरलात?” एका मुलाने विचारलं.

“नाही रे. आठवत होतं. सोपं पडलं म्हणून कापलं.”

“मग पिल्लं?”

मामा त्यांना मधल्या ओळीपाशी घेऊन गेले. गुडघ्यांवर बसून त्यांनी हातांनी गवत बाजूला केलं. दोन लहान मुलं बाईंच्या मागे लपली. बाकीच्यांनी मोजलं. नऊ.

वेण्यांच्या मुलीने वहीत मेलेल्या पाखरांच्या तक्त्याचं पान उघडलं. तारीख, पक्षी, संख्या. शेवटचा रकाना होता कारणाचा. वरच्या ओळींत साप होता, कुत्रा होता.

“यंत्र लिहू?” तिने हळूच विचारलं. त्यांना सांभाळून घ्यायला बघत होती पोर.

“नको. यंत्र मी वळवीन तसं वळतं,” मामा म्हणाले. “मामा लिही.”

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. मग तिने वही गुडघ्यावर टेकवली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिलं. तिचं लिहून होईपर्यंत मामा तिथेच उभे राहिले.