पडणारी बाई

जिन्यावरून पडणारी बाई ज्याने पाहिली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मूळची बाई फार जुनी, मुक्या सिनेमाच्या काळातली. कोर्टाच्या दगडी पायऱ्या. वरून एक धुणेवाली चादरींची टोपली घेऊन उतरते आहे, खालून चिडलेला जमाव वर धावतो आहे. तिला धक्का लागतो, ती कोसळते, आणि टोपलीतल्या पांढऱ्या चादरी एकेक उलगडत सगळ्या जिन्यावर पसरतात. शेवटी बाई दिसतच नाही, नुसता पांढरा जिना उरतो. एवढंच. पण तेवढंच पाहून दिग्दर्शक नावाच्या जमातीची झोप उडाली ती उडालीच. ज्याला त्याला आपलीही एक बाई जिन्यावरून ढकलायची असते. कुणी भक्तीने ढकलतो, कुणी चेष्टेने. चादरींच्या जागी निवडणुकीची पत्रकं आली, टॉयलेट पेपरची भेंडोळी आली, आणि कपडे धुण्याच्या एका पावडरीने तर बाईला पडता पडता चादरीवरचा डाग तपासायला लावला.

मास्तरीण मात्र ही बाई कुठेही दिसली की दातओठ खायची. सिनेमात मारामाऱ्या आणि पडापडी बसवणाऱ्याला मास्टर म्हणतात. इथे मास्टरच बाई निघाली, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. तिच्या रागाला कारण होतं. लोक ज्या बाईच्या नकला करायचे ती मूळ मूकपटातली नव्हतीच. ती मास्तरणीची आई होती.

आई तरुणपणी पडण्याचं काम करायची. नट्यांच्या नावावर आणि स्वतःच्या हाडांवर. छपरावरून पडायची, घोड्यावरून पडायची, आणि घरी येऊन भाकरी थापायची. तेव्हा मोठे साहेब अजून मोठे झालेले नव्हते. त्यांनी आपल्या पहिल्या चित्रपटात त्या जुन्या प्रसंगाला नमस्कार करायचं ठरवलं. तसाच जिना, तशाच चादरी, आदर म्हणून आवाजसुद्धा नाही. धुणेवाली म्हणून आईला घेतलं. आईने अख्खा जिना लोळत यायचं आणि जिथे जिना वळतो तिथे, भिंतीच्या आड ठेवलेल्या गादीवर जाऊन थांबायचं. वरून ती गादी दिसत नव्हती.

पडणाऱ्यांची एक रीत असते. सेटवर गलका एवढा की ओरडून काही ऐकू येत नाही. म्हणून पडणारा तळवा खाली करून हवा दोनदा दाबतो. म्हणजे, गादी आहे का? खाली उभा असलेला माणूस मूठ वर करतो. म्हणजे, आहे. मूठ दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही, मग दिग्दर्शक डोकं आपटून घेवो. मूळच्या मूकपटात असलं काही नव्हतं. आईने मात्र त्या दिवशी हात केला, आणि तो कॅमेऱ्यात आला. खालून मूठही वर आली. ती साहेबांची होती. आईने अंग सोडलं, आणि वळणावर तिला गादीऐवजी फरशी मिळाली.

कंबर मोडली ती कायमची. साहेबांनी जगाला सांगितलं, “बाई उतावळी. हात केला, पण उत्तराची वाटच पाहिली नाही.” आणि चित्रपटात आईचा हात आणि आईचं पडणं यांच्या मध्ये त्यांनी कबुतरं उडवली. पांढरीशुभ्र कबुतरं, भर्रकन. त्या कबुतरांवर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. आत्मा म्हणे, स्वातंत्र्य म्हणे. कसला आत्मा! आईचं थांबणं होतं तिथे, ते कापून कबुतरं चिकटवली होती. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसला प्रकार. पण साहेबांच्या शब्दापुढे एका पडणाऱ्या बाईचा शब्द कोण ऐकतो? तिच्याबरोबर पडणारे तिचे सोबतीसुद्धा तिला ‘उतावळी’ म्हणायला लागले. आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही, असं आई एकदाच म्हणाली होती, आणि मग तिने तो विषय काढला नाही.

त्या हाताला मात्र फार भाग्य लाभलं. नियतीला शांत करणारा हात, असं कुणीतरी लिहिलं, आणि पुढे ज्याने ज्याने तो जिना केला त्याने तो हातही केला. विनोदी नट तर दोनदा सोडून दहादा हवा दाबायचे आणि लोक खुर्चीतून पडायचे. आई टीव्हीसमोर बसून हे सगळं पाहायची, बाजूला चालायची चौकट उभी. हसायचीसुद्धा. “हा बरा पडला गं. कोपरं बघ कशी आत घेतली, शिकलेला आहे,” असं म्हणायची. मास्तरणीला ते हसणं बघवत नसे. आई एवढी कशी मऊ, या विचाराने तिला आईचाच राग यायचा, आणि मग तो सगळा राग फिरून साहेबांवर जाऊन बसायचा.

असा डूख धरून बसलेल्या माणसाला संधी मिळाली की ती देवाने पाठवली असंच वाटतं. एक तरुण दिग्दर्शक होता, डोक्यावरची टोपी जेवतानाही न काढणारा, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणायचे. तो एक चेष्टेचा चित्रपट करत होता, सगळ्या गाजलेल्या प्रसंगांची टर उडवणारा. त्याने मास्तरणीला बोलावलं. “ताई, जिना तर पाहिजेच. पण नवीन काय करायचं? लोकांचं सगळं करून झालंय.”

“साहेबांनाच पाड की,” मास्तरीण म्हणाली.

टोपी आधी घाबरला, मग उड्या मारायला लागला. “येतील ते?”

“हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की येतात. गौरव म्हण. इतिहास म्हण. झगा आणि टोपली मी बघते.”

साहेब आले. पांढरे केस, रेशमी गळपट्टा, हातात काठी फक्त शोभेला. मास्तरीण कुणाची मुलगी हे त्यांना आठवत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हिची आई गुणी होती. उतावळी होती, पण गुणी.” मास्तरीण हसली. तिचे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की तिला दुसरं काही करता आलंच नसतं.

साहेबांचं काम सोपं ठेवलं होतं. झगा घालून, टोपली घेऊन वळणाच्या थोड्या वर उभं राहायचं, तो सुप्रसिद्ध हात करायचा आणि शेवटच्या चार पायऱ्या घसरत भिंतीआडच्या गादीवर जाऊन पडायचं. अंगात झग्याखाली जाड अस्तर. आदल्या चार दिवसांत मास्तरणीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. गादी हातभर ओढायची. कुणाला कळणार नाही. घसरले म्हणायचं. म्हातारं माणूस, उतावळं माणूस. ती स्वयंपाक करताना हे मनात करून पाहायची, आणि तिला बरं वाटायचं. साहेब फरशीवर आपटताना कसा आवाज होईल तो तिने इतक्या वेळा ऐकला होता की खरा आवाज आता वेगळा निघाला तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

सकाळी तिने साहेबांना हाताला धरून खाली नेलं आणि गादी दाखवली. साहेबांनी काठीने दाबून पाहिली आणि खूश झाले. मग ते वर गेले. चादरी पसरल्या, जमावातली माणसं उभी राहिली, आणि मास्तरीण वळणावर भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, जिथून साहेबांना ती दिसत होती आणि गादी दिसत नव्हती. गादीचा कोपरा तिच्या पायापाशी होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. पाय उचलला, आणि परत जागेवर ठेवला. दया आली असं कुणी समजू नये. पडणाऱ्याची गादी हलवायची नसते, एवढंच तिच्या पायाला माहीत होतं, आणि डोक्याचं ऐकायला तो तयार होईना. तिला स्वतःचाच संताप आला.

“ॲक्शन!” टोपी ओरडला.

साहेबांनी टोपली कमरेवर घेतली. तळवा खाली करून हवा दोनदा दाबली, आणि खाली पाहिलं. मास्तरणीने मूठ वर केली.

साहेब हलले नाहीत.

सगळ्यांना वाटलं, अभिनय चाललाय. टोपीने कॅमेरा चालू ठेवा अशी खूण केली. साहेबांनी पुन्हा हवा दाबली. मास्तरणीने पुन्हा मूठ वर केली, या वेळी सावकाश, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत. तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मास्तरणीने चार दिवसांत एकदाही मनात करून पाहिलं नव्हतं. साहेब घाबरले होते.

“गादी आहे ना गं?” ते ओरडले.

“मूठ वर केली की, साहेब.”

“मूठ केलीस ते दिसतंय. गादी आहे का?”

“मघाशी दाखवली ना तुम्हाला?”

“मघाची मला सांगू नकोस! मघाची नंतर ओढता येते!”

“आहे, साहेब, आहे!” टोपी मध्ये पडला. “मला इथून दिसतेय.”

“तू गप्प बस. तुला शॉट पाहिजे, तू आहेच म्हणणार!”

जमावात मास्तरणीने आपले पडणारे उभे केले होते, त्यांत दोघे-तिघे आईच्या वेळचेही होते, आता पोट सुटलेले. ते वर साहेबांकडे बघायला लागले.

मास्तरणीने हात खाली घेतला नव्हता. ती शांतपणे म्हणाली, “साहेब, खालची मूठ खोटी असते का कधी?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तिने आईचं नावही घेतलं नव्हतं.

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती!” साहेब किंचाळले. “तेव्हा गादीचा कोपरा फ्रेममध्ये येत होता! उजेड चालला होता! ती थांबूनच राहिली होती, किती वेळ थांबणार माणूस? मी काय करायला पाहिजे होतं?”

आईच्या वेळच्या पडणाऱ्यांपैकी एकाने हातातली खोटी काठी खाली टाकली.

“उतरा, साहेब,” मास्तरीण म्हणाली.

साहेबांना मागे वळता येईना, कारण मागे चादरी पसरलेल्या होत्या आणि पाय अडकण्याची भीती. पुढे पाऊल टाकवेना. शेवटी ते टोपली मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या खालच्या पायरीवर सरकले. मग त्याच्या खालच्या. एका हाताने कठडा धरलेला, झगा गुडघ्यापर्यंत वर गेलेला, पांढरे केस कपाळावर. एकेक पायरी चाचपत जगप्रसिद्ध दिग्दर्शक ढुंगणावर घसरत वळणापर्यंत आले आणि त्यांनी भिंतीआड डोकावून पाहिलं. गादी जागेवर होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मास्तरणीकडे बघणं त्यांना जमलं नाही.

टोपी धावत आला. त्याचा आवाज बदलला होता. “ताई, हे... हे ठेवू का मी?”

“आवाजासकट ठेव,” मास्तरीण म्हणाली.

पण चित्रपट यायची वाट कोण बघतो? जमावातल्या कुणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं. मास्तरीण सामान आवरून घराकडे निघाली तोवर ते सगळीकडे पोचलंही होतं. तिच्या इमारतीच्या जिन्यात पोरं एकामागून एक ढुंगणावर घसरत खाली येत होती आणि “कोपरा फ्रेममध्ये येत होता!” असं किंचाळत होती. मास्तरीण त्यांच्यातून वाट काढत वर गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादी नक्कल आवडली.

आई टीव्हीसमोर बसली होती, पण टीव्ही बंद होता. फोन मांडीवर होता. दुपारपासून तो वाजत होता म्हणे. जुन्या सोबत्यांचे फोन. एक जण तर रडला आणि म्हणाला, तू थांबली होतीस गं, आणि आम्ही तुला काय काय बोललो.

“पाहिलंस?” मास्तरणीने विचारलं.

“पाहिलं.”

मास्तरीण तिच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सगळं सांगायला लागली. साहेब कसे चढले, कसे अडले, चेहरा कसा झाला. तिला वाटलं होतं आई रडेल, किंवा नेहमीसारखी हसेल, आणि म्हणेल, जाऊ दे गं, म्हातारा झालाय तो. आई ऐकत होती. मध्ये एकदाही तिने मान हलवली नाही.

“तरी बरं, गादी होती,” मास्तरीण शेवटी म्हणाली. “नाहीतर माझ्यावरच आलं असतं.”

“खरंच होती?”

“होती की. मीच ठेवली होती. नीट.”

आईने फोन बाजूला ठेवला. चालायची चौकट जवळ ओढली, तिच्यावर दोन्ही हात टेकले, आणि इतक्या वर्षांत मास्तरणीने कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, “कशाला ठेवलीस?”