फाटकाची उजवी बाजू

मिरजेत सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उदयसिंह तिला घेऊन गावाकडं निघाला. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यानं पिकअप घेतली होती. कुपवाडच्या कारखान्यांचा माल तो पोचवायचा. सासू, दगडाबाई, मधे बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानंही तिला फारसं दिसत नव्हतं. दाराशी त्याची बायको विजयमाला.

रेल्वेचं फाटक बंद होतं. डाव्या बाजूला वाहनांची रांग लागली होती. उदयसिंहनं पिकअप उजवीकडं काढली आणि रिकाम्या बाजूनं थेट फाटकाला नेऊन लावली.

“आवं, समोरनं येणारा कुठनं जाणार?” विजयमाला म्हणाली.

“जाईल कुठनंबी. रोज असंच असतंय.”

त्याच्या मागोमाग आणखी गाड्या आल्या. उरल्यासुरल्या फटीत मोटारसायकली शिरल्या.

मालगाडी गेली. फाटक वर झालं आणि दोन्हीकडची वाहनं एकदमच पुढं सरली. पिकअप रुळांवर आली तेव्हा समोर उसाचा ट्रॅक्टर होता. तो आपल्या बाजूनं, बरोबर आला होता.

“मागं घे की रं!” उदयसिंह ओरडला.

“दोन ट्रॉल्या हायत. मागं कशा घिऊ? तुमीच घ्या.”

उदयसिंहनं आरशात बघितलं. मागं मुंगीला वाट नव्हती. फाटकवाला लाल झेंडी घेऊन बाहेर आला. त्याला फाटक पाडायचं होतं, पण खाली माणसं होती. तेवढ्यात लांबून इंजिनाची शिट्टी ऐकू आली.

“का थांबलो गं?” दगडाबाईनं विचारलं.

विजयमाला दार उघडून खाली उतरली आणि आईला हात देऊन उतरवू लागली.

“अगं, बस गप! हलतीया आता गाडी,” उदयसिंह म्हणाला.

“हलवा की मग.”

डॉक्टरांनी धक्का लागू द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. विजयमालानं आईचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं आणि मोटारसायकलींच्या मधून वाट काढत तिला रुळांपलीकडं नेलं. उदयसिंह स्टेअरिंग धरून बसून राहिला. सोडून जावं तर गाडी रुळावर. शिट्टी पुन्हा झाली.

रेल्वे आली नाही. फाटक बंद झाल्याशिवाय तिला सिग्नल मिळत नव्हता. ती अलीकडंच उभी होती. पण हे त्याला नंतर फाटकवाल्याकडून कळलं. लोकांनी मोटारसायकली एकेक करून मागं ओढल्या, मागच्या गाड्या सरकल्या, मग पिकअप मागं आली, ट्रॅक्टर गेला.

पलीकडं पोचल्यावर त्यानं दार उघडलं. विजयमाला आईला घेऊन रस्त्याकडंला उभी होती.

“बसा.”

“न्हाई. आमी एष्टीनं येतो.”

“लोकं बघाय लागल्यात.”

“मगाशीबी बघत हुती.”

ती चढली नाही. उदयसिंह घरी एकटाच आला. ओसरीवर बसून राहिला. दिवस मावळताना दोघी आल्या, तेव्हा तो उठून सासूला धरायला गेला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. विजयमालानं ऐकलं आणि आईचं अंथरूण घालायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात डोळा दाखवायला जायचं होतं. विजयमाला म्हणाली, “एष्टीनं जाऊ.”

“रांगंत थांबतो.”

“बघू.”

त्या दिवशी दोघी पिकअपमधेच बसल्या. फाटकाशी तो एका ट्रकच्या मागं थांबला. शेजारून गाड्या सपासप पुढं गेल्या. मागचा एकजण हॉर्न वाजवत राहिला, मग तोही उजवीकडून पुढं गेला. फाटक उघडलं आणि पुढं पुन्हा सगळं अडकलं. ट्रक हलला, तरी पलीकडं जागा होईपर्यंत उदयसिंह रुळांच्या अलीकडंच उभा राहिला.

“पोचलो का?” दगडाबाईनं विचारलं.

“न्हाई आजून,” विजयमाला म्हणाली आणि तिनं खिडकीची काच खाली केली.