नाटकात नसलेला मिस्त्री

"थांबा!" म्हणत जानराव उठले, आणि अमडापूरच्या बाजारात गोल करून बसलेली माणसं आधीच हसायला लागली.

बुलढाण्याच्या कॉलेजातली पोरं नाटक करत होती. एकदा ते पूर्ण झालं होतं. फवारणीचा मजूर राजाराम पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरतो, औषध अंगावर गळतं, संध्याकाळी चक्कर येते, तिसऱ्या दिवशी मरतो. आता तेच पुन्हा चाललं होतं, पण या खेपेला बघणाऱ्यांपैकी कुणालाही "थांबा" म्हणून आत शिरता येणार होतं. मालक व्हा, बायको व्हा, पण राजारामला वाचवून दाखवा, असं नाटक बसवणाऱ्या संजीवनीनं सांगितलं होतं.

जानरावांनी राजाराम झालेल्या सागरच्या खांद्यावर हात ठेवला. "लेका, दारू पिऊन फवारत जाऊ नको बे. मंग काही होत नाई."

टाळ्या पडल्या. गोलाच्या कडेला सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून बसलेल्या सुभद्राबाईंनी पदर पुढे ओढला. त्यांचा नवरा रंगराव दोन वर्षांपूर्वी जानरावांच्याच कपाशीत फवारताना विषबाधा होऊन गेला होता, आणि तो दारू पेलेला होता असं सगळं गाव म्हणत होतं. म्हणायला सुरुवात जानरावांनीच केली होती. तेव्हापासून बाई बाजारात ओरडून माल विकत नसत. गिऱ्हाईक समोर आलं की खाली मान घालून जुडी पुढे करायच्या.

सगळ्यात मागे वाहेद मिस्त्री उभा होता. फवारणीचे पंप दुरुस्त करणारा अख्ख्या बाजारात तो एकटाच. बीटी कपाशी आली तेव्हा आता फवारणी कायमची गेली म्हणून लोकांनी पंप माळ्यावर टाकले आणि वाहेद स्टोव्हच्या पिना मारत बसला. मग बोंडअळी परत आली. कपाशी डोक्याच्या वर गेली, लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारू लागले, आणि त्याच्या दुकानासमोर पंपांची रांग लागली. त्या वर्षी वाहेद खूश होता. आता ते आठवलं की त्याला स्वतःची लाज वाटायची.

रंगराव त्याच रांगेतून आला होता. "मिस्त्री, बुडाशी गळते पंप." गळती थांबवणारे रबरी वायसर संपले होते. वाहेदनं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि म्हणाला, "चालते आता." दुसऱ्या दिवशी रंगराव परत आला. सदरा कमरेला चिकटलेला. "अजून गळून राह्यला ना, मिस्त्री." वाहेदनं आणखी एक पट्टी मारली. "चालते म्हणलं ना! जाय." मागे रांग होती. रंगरावच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. तो पीतच नव्हता मुळी. पण गाव दारूचं बोलू लागलं तेव्हा वाहेद गप्प बसला. लोक दारूला नावं ठेवत होते तोवर पंपाकडे कुणी बघणार नव्हतं.

आज सकाळी सागर नाटकासाठी एखादा जुना पंप मागायला आला होता. वाहेदनं भंगारातला एक काढला, पाणी भरून पाहिलं. बूड पाझरत होतं. हात आपोआप पट्टीकडे गेला. "चालते आता," असं म्हणून त्यानं तो देऊनही टाकला.

आणि आता, तिसऱ्या फेरीत, सागरनं पाठ फिरवली. त्याचा सदरा कमरेला चिकटला होता.

"थांबा," वाहेद म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"या ना चाचा!" संजीवनीला आनंद झाला. "कोण होणार? मालक?"

"नाई. तुमच्या नाटकात मिस्त्री नाई, बेटा. मिस्त्री पाहिजे."

लोक पुन्हा हसले. सागर हुशार पोरगा. त्यानं पंप उतरवून वाहेदच्या पुढ्यात ठेवला. "मिस्त्री, पंप गळून राह्यला."

"ठेवून जाय. वायसर आल्याबगर देत नाई."

"मालक वाट पाहून राह्यला ना. आजचं काम जाईन."

वाहेदनं पंपाकडे पाहिलं. पंपाच्या बुडाखाली मातीत ओल पसरत होती. "तू कालबी आला होता," तो शेवटी म्हणाला. "मी पट्टी मारली, चालते म्हणलं. नव्हतं चालत. तू पेलेला नव्हता. मले मालूम होतं. तरी मी गप्प बसलो."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पलीकडचे मिरचीवाले उठून बघायला लागले. जानरावही टाळ्या वाजवत होते. "काय काम केलं, चाचा!" संजीवनी डोळे पुसत म्हणाली. आपण नाटकच केलं असल्यासारखी वाहेदनं मान डोलावली. डोलावली, आणि त्याच क्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाटक संपलं. माणसं उठून कपडे झटकू लागली. सुभद्राबाई जुड्या सोडून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, कोणाची गोष्ट सांगतली?"

"रंगरावची."

"दोनदा आले होते तुमच्याकडं?"

"हाव."

"मंग नाव काऊन नाई घेतलं?"

त्यांच्या आवाजात राग असता तर वाहेदला बरं वाटलं असतं. तो गोलाच्या मध्ये परत गेला. आता गोल उरला नव्हता.

"थांबा!" तो ओरडला. "थांबा बे सगळे! जानराव, तुमीबी थांबा! रंगराव पेलेला नव्हता. पंप गळत होता. मायाच हातची पट्टी होती त्याले, मी आत्ता रंगरावचीच गोष्ट सांगतली!"

कोणी टाळी वाजवली नाही. जानराव दोन पावलं आले, काहीतरी बोलणार होते, पण लोक आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेऊन निघून गेले.

वाहेदनं पंप उचलला. रिकामा करून हातात नेता आला असता. त्यानं तो पाण्यासकट पाठीवर घेतला आणि दुकानाची वाट धरली. कमरेपासून पाणी खाली उतरत होतं. बाई मागून काहीतरी बोलतील, शिव्या देतील, म्हणून तो सावकाश चालला.

बाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला, जुड्यांवर पाणी शिंपडलं.

"सांभार घ्या, सांभार!" दोन वर्षांत पहिल्यांदा बाजारात तो आवाज आला. "ताजा सांभार घ्या!"

वाहेदनं मागे वळून पाहिलं नाही. त्याचा सदरा कमरेला चिकटला होता.