एक उडी मारून बघा

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. हसू नका मित्रांनो, जमिनीलाही सांगण्यासारखं काही असतं. सगळं आयुष्य पायांखाली गेल्यामुळे मला चेहरे फारसे ओळखू येत नाहीत, पण पाऊल मी कधी विसरत नाही.

माझा जन्म पहिल्या मजल्यावरच्या एका नाचाच्या वर्गात झाला. वर्गाच्या बाईंनी सुताराला बोलावून सांगितलं, "मला दबणारी जमीन हवी." सुतार चाटच पडला.

"अहो बाई, जमीन दबली तर लोक मला नावं ठेवतील."

"ती दबली नाही तर मुलांचे गुडघे बोंब मारतील. त्याचं काय करू?"

मग त्याने आधी रबराचे जाड तुकडे मांडले, त्यांवर वासे आडवे टाकले आणि वाशांवर माझ्या फळ्या ठोकल्या. बाईंनी चारही कोपऱ्यांत उड्या मारून पाहिल्या. खिडकीजवळचा कोपरा त्यांना कडक लागला. तेवढ्या फळ्या त्यांनी पुन्हा उपटायला लावल्या. सुतार दिवसभर पुटपुटत होता, पण काम त्याने चोख केलं.

पुढची कितीतरी वर्षं माझ्यावर मुलं नाचली. ती उडी मारून खाली आली, की मी केसभर वाकायचे आणि त्यांचा भार अंगावर घ्यायचे. बस, एवढंच माझं काम. आता असल्या कामाचं कौतुक कोण करणार? मुलांसाठी वर्ग शोधणारे आई-बाबा यायचे ते थेट आरशाकडे बघायचे. मग भिंतीवरचे फोटो, मग कपाट. कपाटात बक्षिसं असतील असं त्यांना वाटे. बाईंनी त्यात केरसुण्या ठेवल्या होत्या.

बाईंची मात्र एक अट होती. नाव घालण्याआधी मूल आणि मोठं माणूस, दोघांनीही चपला काढायच्या, माझ्यावर एक उडी मारायची आणि मग बाहेर जिन्यापाशी दगडी फरशीवर तशीच दुसरी. त्यापुढे बाईंना काही समजावून सांगावं लागत नसे. पण मोठी माणसं लाजायची. काहीजण तर बाईंचं डोकं फिरलंय असं समजून हळूच काढता पाय घ्यायचे.

एके दिवशी एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आई कारखान्यात तयार माल तपासायचं काम करायची. साधा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिच्या हातात एक वही होती. पाहिलेल्या प्रत्येक वर्गाला त्या वहीत एक पान होतं: आरसे किती, घरापासून अंतर किती, स्टेजवर कधी, बक्षिसं किती. मुलीवर फार जीव होता तिचा. उगाच कोणी एवढं लिहीत नाही.

मुलीने सांगण्याआधीच चार उड्या मारल्या. बाई म्हणाल्या, "ही मुलगी नाही, नाकतोडा आहे!" आणि तेच नाव पडलं.

"आता तुम्ही," बाई आईला म्हणाल्या.

"इश्श! मी काय लहान आहे उड्या मारायला?" आई हसली, बाईही हसल्या, आणि तिची उडी राहूनच गेली.

नाकतोडा माझा फार लाडका होता. वर्ग संपला की सगळी मुलं दोन मिनिटं आडवी व्हायची. ती मात्र पालथी पडून माझ्या फळीला कान लावायची, बोटाने टकटक करायची आणि म्हणायची, "आत कोणीतरी आहे." मला किती वाटायचं, की हो, मी आहे, असं म्हणावं!

दोन वर्षं गेली. मग आई एकटीच आली आणि अवघडून उभी राहिली.

"बाई, राग मानू नका. अजून एकदाही ती स्टेजवर गेली नाही. मोठ्या रस्त्यावर नवीन वर्ग निघालाय. तीन भिंतींना आरसे आहेत, दर दोन महिन्यांनी स्पर्धा असतात. तिला मागे ठेवल्यासारखं वाटतं मला."

"जमीन पाहिलीत तिथली?" बाईंनी विचारलं.

"छान आहे. चकचकीत आहे अगदी."

नाकतोडा पुन्हा आला नाही.

आणखी चार वर्षं लोटली. बाई थकल्या, वर्ग बंद करायचं ठरलं. शेवटच्या महिन्यात त्या एकट्याच खुर्चीवर बसून जुने फोटो खोक्यात भरत होत्या, तेव्हा दारात दोन पावलं थांबली. एक आईचं होतं. दुसरं मी लगेच ओळखलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. ते सावकाश, एका बाजूला झुकून पडत होतं.

"नडगीचं हाड मोडलं," आई म्हणाली. "आधी बारीक चीर होती म्हणे. ती सांगत होती मला, आई, दुखतंय. मी म्हटलं, थोडं दुखणारच, स्पर्धा झाली की विश्रांती घे. आत स्टीलची पट्टी घातलीये आता. चालायला हरकत नाही, पण उड्या विसरा म्हणाले डॉक्टर."

हातातला फोटो खाली ठेवून बाई खुर्चीवरून उठल्या.

"डॉक्टरांनी विचारलं, ही कशावर नाचते? जमीन कशाची आहे? आणि बाई, मला सांगता येईना. आरसे किती ते सांगितलं असतं, बक्षिसं किती तेही. वहीत सगळं आहे. फक्त जमिनीचंच नाही. मग जाऊन पाहिलं, तर सिमेंटवर चिकटवलेली टाइल."

मग तिने चपला काढल्या. माझ्या मधोमध येऊन तिने एक जड, वेडीवाकडी उडी मारली. मी होते नव्हते ते बळ लावून वाकले. ती बाहेर गेली आणि दगडी फरशीवर दुसरी उडी मारली. तो धप्प आवाज आत आला. त्यानंतर बराच वेळ ती जिन्यावरच बसून रडत होती.

आत नाकतोडा माझ्यावर उभा होता. तिने टाचा उचलल्या. मी सगळ्या फळ्यांनिशी तयार झाले. क्षणभर ती तशीच थांबली, मग टाचा हळूच खाली टेकवल्या. मी वाट बघत राहिले, पण उडी आलीच नाही. ती खाली बसली आणि बोटाने टकटक केली. या वेळी बोलली काहीच नाही.

आता इथे खोक्यांचं गोदाम आहे. खिडकीजवळचा कोपरा खचलाय. माझं जाऊ द्या, माझं वय झालं. पण मित्रांनो, तुम्ही नवा वर्ग बघायला जाल तेव्हा आधी चपला काढा, एक उडी मारा, आणि आई-बाबांनाही मारायला लावा. ते लाजतील, टाळतील, तरी हात सोडू नका. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आणि कोणी ऐकेपर्यंत म्हणत राहा. आणि जमीन कशाची आहे, हे तिथेच विचारून घ्या. ते डॉक्टरांना विचारावं लागू नये.