बारावी मोटार

विजेची नवी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, खांबाखाली येऊन पडली होती आणि जयवंतावहिनी मोटारघराची किल्ली कमरेला खोचून दारातच बसली होती. उठायला तयार नव्हती.

वर्ष अठ्ठ्याण्णव. डीपी जळायची ती तिसरी खेप. तिकडं हैदराबादेत कम्प्युटरवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, इकडं आमच्या मळ्यांतली पालकाची भाजी माना टाकून पडलेली. तिथल्या चिक्कडपल्लीच्या बाजारात आमची जागा दुसऱ्यांनी धरली होती. लाइटीच्या साहेबानं सगळ्यांना मारुतीच्या पारावर बसवून सरकारचा सल्ला सांगितला. दिवस मावळताना करंट येतो, बाराही मोटारी ऑटोवर आपोआप, एका दमात सुरू होतात, म्हणून डीपी जळते. ऑटो काढा, मोटारी हातानं, एकामागं एक लावा, रान भिजलं की बंद करा. वीज वाचेल, पाणीही. अकरा जणांनी ऑटो काढून दिले. बारावा वहिनीचा. तो निघाल्याबिगर साहेब तार जोडेना.

"अम्मा, मोटर कू आदमी होना, भूत नक्को," साहेब हसत म्हणाला.

हसलं कुणीच नाही.

तो ऑटो तिच्या धन्यानं, प्रतापरावानं, बसवला होता कीर्तनापायी. करंट यायची आणि कीर्तन रंगायची वेळ एकच. आम्ही दोघं टाळकरी, खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. ऐन रंगात उठून मोटार लावायला जायचं त्याच्या जिवावर यायचं. ऑटोचं घरी मात्र तो बोलला नव्हता. गेल्या माघात तो तिथंच, माझ्या अंगावर कलंडून गेला. त्याच सांजेला मळ्यात मोटार लागली. वहिनीनं घरात आवाज ऐकला, धनी मळ्यात आले म्हणून तवा चुलीवर ठेवला. भाकरी फुगली तेव्हा आम्ही त्याला घेऊन दारात उभे होतो.

तेव्हापासून मोटार लागली की ती एक भाकरी जास्त थापायची. पाट फुटून पाणी ओढ्याला जायचं, पण मोटार बंद करायला ती जायची नाही. आम्हीही कुणी गेलो नाही.

"भावजी, तुमी तरी समजून घ्या," ती मला म्हणाली. "मोटार लागली की ते मळ्यात आल्यात. एवढंच ऱ्हायलंय मला."

वर्षभर गिळलेलं मग माझ्या तोंडून निघालं. "वैनी, मोटार लागली तवा तो गेलेला व्हता. टाळ आधी थांबला. मोटार मागनं लागली."

तिनं कमरेच्या किल्लीवर हात ठेवला.

"मंजी त्या दिशीबी कुनी आलं नव्हतं?"

"नव्हतं, वैनी."

तिनं किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

ऑटो निघाला, साहेबानं नव्या डीपीला तार जोडली. दिवस मावळला, करंट आला. एकेक करून अकरा मोटारी लागल्या. मग पदर खोचून वहिनी मोटारघरात गेली आणि हिरवं बटण तिनं स्वतः दाबलं. "इतके दिस ते येत व्हते," बाहेर येऊन ती म्हणाली. "आता मी येत जाईन."

डीपी पुन्हा जळली नाही. वहिनी रोज सांजेला मळ्यात जाते, पाण्याची दारं धरते, शेवटचा वाफा भिजला की मोटार बंद करते. भाकऱ्या नंतर, मोजून थापते.

माझी मोटार पोरगं बघतं, मी तेव्हा कीर्तनात असतो. शेजारची प्रतापरावाची जागा आम्ही मोकळीच ठेवलीय. तिकडं बारावी मोटार थांबते, आणि मग पांडुरंगाशपथ सांगतो, त्या मोकळ्या जागेत टाळ वाजतो.