खणातली गाजरं

मित्रांनो, मी पत्र्याची किसणी आहे. वयाने या घरातल्या सुनेपेक्षा मोठी. एका पत्रेवाल्याने खिळा ठोकून माझ्या अंगाला भोकं पाडली. ती सगळी सारखी नाहीत, म्हणून माझा कीस कुठे जाड, कुठे बारीक पडतो. तरी थंडी सुरू झाली की मला उसंत नसे. गाजर, मुळा, बीट, सगळं माझ्यावरून जाई आणि आजोबा वाटी पुढे करून म्हणत, "अजून घाला!"

मग आजोबांच्या मुलाने फर्मान काढलं, "हंगामातलं खायचं आणि चावून खायचं. किसायचं कशाला?" तो हौसेने रोज पिशवी भरून ताजा माल आणू लागला. नवरा-बायको कामावर जाताना आजोबांसाठी बोटाएवढे तुकडे झाकून ठेवत. मी खालच्या खणात गेले.

एके दुपारी खण हळूच उघडला. मला वाटलं, आठवण झाली! पण कागदाची पुडी अंगावर आदळली आणि सुटली. आत गाजराचे तुकडे होते, चावण्याचा नुसता प्रयत्न केलेले. हात आजोबांचा होता. मी हादरले. कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं तर सुनेला दिसलं असतं ना! संध्याकाळी मुलाने विचारलं, "कसं होतं?" आजोबा म्हणाले, "झकास!"

दुसऱ्या दिवशी मुळा आला. मग पेरूच्या फोडी.

"बाबांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो," सून एकदा हलक्या आवाजात म्हणाली. "ताट तर चाटूनपुसून रिकामं असतं. मला धडकीच भरलीय. काही मोठं दुखणं तर नसेल?"

मला सगळं माहीत होतं आणि तोंड नव्हतं.

शेवटी वासाने घात केला. "उंदीर मेलाय वाटतं इथे," म्हणत सुनेने खण ओढला. तिने कुजलेल्या तुकड्यांच्या पुड्या एकेक करून बाहेर काढल्या.

"बाबा, हे तुम्ही?"

आजोबांनी मान खाली घातली. "कवळी सैल झालीय गं. चावलं की हिरडी सोलवटते. पोरगा एवढ्या हौसेने आणतो, त्याचं मन कसं मोडू?"

पिशवी घेऊन मुलगा दारातच थिजला होता. "अहो बाबा, मी रोज विचारत होतो ना, आवडलं का म्हणून!"

"आवडतंच रे. चावता येतं का, ते विचारलं नाहीस."

सुनेने मला घासून धुतलं. मुलाने स्वतः गाजर किसलं, घाईत बोटही खरचटून घेतलं. लिंबू पिळलेला तो कीस आजोबांनी चमच्याने खाल्ला आणि पुन्हा मागितला.

मित्रांनो, थंडीतली ताजी भाजी, ताजी फळं जरूर आणा. पण वाढून निघून जाऊ नका, खाणाऱ्यासमोर बसा. आणि माझं काम झालं की मला लगेच कोरडी पुसा. मी गंजले, तर कवळी दुरुस्त होईपर्यंत आजोबांनी खायचं कसं?