जिन्याखालची विहीर

जिन्याच्या पोटाला टांगलेला ओळंबा अजून हलत होता, पितळेचा, लिंबाएवढा, आणि त्याचं टोक कुठे थांबतंय ते बघता बघता यज्ञेश्वर गुरुजी बोलून गेले की महादू, कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण तू उभा आहेस तिथे खाली सात पुरुष खोल विहीर आहे. महादू गवंड्याने कानामागची बिडी चाचपली. चहा घेऊन आलेली सून, श्रिया, म्हणाली, "लागली तर मोटर बसवू, बाबा."

गुरुजी थांबले नाहीत. विहिरीचं दुसरं तोंड थेट शिवथरच्या घळीत. लहानपणी इथे सोडलेला, नाव कोरलेला तांब्या तिसऱ्या दिवशी तिकडच्या धबधब्याखाली हाताला लागलेला... इथे पहार घातली की सावित्री नदी घरात. पहिल्यांदा हे शाळेतल्या पोरांना हसवायला सांगितलं होतं. दुसऱ्यांदा... दुसऱ्यांदा बायकोला, गोदावरीला. ती म्हणाली होती, गुडघे धरतात, परसातल्या संडासाच्या पायऱ्या पावसात उतरवत नाहीत, जिन्याखाली तांदळाची कोठी आहे तेवढ्या जागेत एक संडास, एक नळ, अंघोळीपुरती फरशी, बस्स. त्यांना देवघराच्या भिंतीला लागून संडास नको होता. की नुसता कंटाळाच होता? नको म्हणण्यापेक्षा विहीर सोपी होती. त्यानंतर अकरा पावसाळे ती छत्री सावरत परसात गेली, बाराव्यात घसरली, खुबा मोडला, आणि माघात गेली. आता त्यांचा स्वतःचा एक गुडघा काय सुजला, तर कमोड, शॉवर, फरशा, सगळं पंधरा दिवसांत पडवीत येऊन पडलं.

पहार ठणठणत होती आणि एकदम भसकन आत गेली. महादू वाकला. चहूकडे घट्ट मुरूम, आणि मध्येच हातभर रुंदीची मऊ माती, राख, विटांचे तुकडे. इथे आधी कोणीतरी खणलं होतं.

"हेच ते तोंड," गुरुजी म्हणाले, आणि कित्येक वर्षांनी त्यांना आपला जुना, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज ऐकू आला. आजोबांनी बुजवलेलं... विहिरीची खोली विचारायची तर गोदावरी हवी होती. पाहुण्यांपुढे सुपारी कातरता कातरता तीच सांगायची, मान वर न करता: सात पुरुष, आणि पाणी गोड. दुसऱ्या कोणी नाही तरी तिने विश्वास ठेवला, एवढं एक त्यांनी जपून ठेवलं होतं.

"नाय, गुरुजी." महादूने हाताची माती झटकली. "इहीर कधीच नव्हती. हा खड्डा माझाच हाय. तुम्ही पोलादपूरच्या शाळेवर होता, तवा काकींनी बोलावून खणायला लावला. कंबरभर गेलो, नुसता मुरूम."

"मग आई काय म्हणाल्या?" श्रियाने विचारलं.

"बुजव, म्हणाल्या. वर कोठी सरकवून घेतली. कोणाला बोलू नको, म्हणाल्या."

ओळंबा थांबला होता. पोलादपूरला होतो ते एकच वर्ष, तिला विहीर सांगितली त्याच्या पुढचं... म्हणजे सगळं ठाऊक असून, कोठीला वळसा घालून, छत्री उघडून, अकरा पावसाळे... सात पुरुष हे माझं होतं. पाणी गोड हे मी कधीच सांगितलं नव्हतं.